झाकलेलं ताट

१

आमच्या स्वयंपाकघरात तीन फळ्या होत्या आणि त्या तिघांत वाटलेल्या होत्या. वरची गणितीची, मधली माझी, खालची तिसऱ्या खोलीची. गणिती हे मी त्याला मनातल्या मनात ठेवलेलं नाव. तो गणितात संशोधन करायचा, अंडी घड्याळ लावून उकडायचा आणि दुसऱ्याच्या फळीवरच्या मिठाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. मी सामान घेऊन आलो त्या दिवशीच त्याने मला घराची रीत समजावून सांगितली.

"इथे ज्याचं त्याचं. जेवलास का, कुठे चाललास, कोणी विचारत नाही. सुरुवातीला विचित्र वाटेल, मग आवडायला लागेल."

मला काही ते आवडायला लागलं नाही. मी पिण्याचं पाणी तपासण्याचं शिक्षण घ्यायला दोन वर्षांसाठी या देशात आलो होतो. घरी आई एकटी होती, ताई लग्न होऊन दुसऱ्या गावी. निघताना आईने एकच गोष्ट कबूल करून घेतली, शिक्षण संपलं की परत यायचं. मी हो म्हटलं होतं आणि मनापासून म्हटलं होतं. इथली भाषा, बस, काट्या-चमच्याने जेवणं, समोरच्याने हसून "कसा आहेस" विचारलं तर खरं उत्तर द्यायचं नसतं हे, असं सगळं हळूहळू अंगवळणी पडत गेलं. पडलं नाही ते एका माणसाचा भात लावणं. आईच्या मुठीचं माप माझ्या हातात बसलेलं, त्यामुळे रोज एका माणसाचं उरायचं.

तिसऱ्या खोलीतला माणूस मी कधीच पाहिला नव्हता. दार बंद असायचं. आतून कधीतरी खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा. साफसफाईच्या वेळापत्रकावर त्याच्या पाळीपुढे दर आठवड्याला न चुकता खूण झालेली असायची आणि मोरी लख्ख असायची. खालची फळी मात्र कायम रिकामी. एक बिस्किटाचा पुडा नाही की चहाची पूड नाही.

"बाहेर जेवत असेल," गणिती म्हणाला. त्याच्या दृष्टीने विषय संपला.

आमच्या घरी जेवायला न आलेल्या माणसाचं ताट झाकून ठेवतात. तो भांडून गेलेला असला तरी ठेवतात, किंबहुना भांडून गेलेला असला तर चमचाभर जास्तच वाढतात. घरात एक माणूस उपाशी आहे अशी नुसती शंका आली तरी मला घास उतरत नाही. शेवटी एका सोमवारी सकाळी प्रयोगशाळेत निघण्याआधी मी एका ताटात भात, डाळ आणि भाजी वाढली, दुसरं ताट वर उपडं घातलं आणि चिठ्ठी ठेवली, 'तिसऱ्या खोलीसाठी'. पाहुण्याची अडचण नको म्हणून शेजारी काटा आणि चमचाही ठेवला.

२

दुपारी तीनला परत आलो तर दोन्ही ताटं धुऊन उपडी घातलेली होती. मला इतका आनंद झाला की लाज वाटली. दीड वर्षात पहिल्यांदाच या देशात माझ्या हातचं कोणीतरी खाल्लं होतं.

मग रोजचंच झालं. सकाळी झाकून जायचं, दुपारी धुतलेली ताटं बघायची. चिठ्ठी बंद केली, कारण कोणासाठी ते दोघांनाही ठाऊक होतं. 'दोघांनाही' हा शब्द मनात आला तेव्हा बरं वाटलं.

एक गोष्ट तेवढी खटकली. काटा-चमचा मी ठेवायचो तिथेच, तसाच कोरडा असायचा. आणि ताटं धुतलेली असली तरी टेबल पुसायचं राहून जायचं. टेबलावर शितं पडलेली असायची, पहिल्या दिवसांत तर खुर्चीवर आणि फरशीवरही. डाळीचे ओघळ टेबलाच्या कडेपर्यंत. तो माणूस हाताने जेवत होता आणि त्याला ते येत नव्हतं.

मी हसलो. मी खोलीचं दार उघडं टाकून हाताने जेवायचो, ते त्याने कधीतरी येता-जाता पाहिलं असणार. मी इथे मटारमागे काटा घेऊन धावतोय आणि हा बिचारा माझ्या पद्धतीने भात कालवायला बघतोय. शितांचा पसारा दिवसेंदिवस कमी होत गेला. तीन आठवड्यांत तर मोजून चार-पाच शितं, तीही ताटाच्या डाव्या अंगाला. डावखुरा दिसतो, मी म्हटलं.

गणितीला हे सगळं सांगितलं तर तो अंडं सोलता सोलता थांबला.

"मला वाटत होतं तूच दोन वेळा जेवतोस."

"तू दुपारी घरी असतोस. तू त्याला पाहिलं नाहीस?"

"टेबलावर कोणीतरी बसलेलं असतं," तो म्हणाला. "मला पाठमोराच दिसतो. तूच आहेस असं समजून बोलत नाही."

मी काळा आणि किडकिडीत. त्याला इथली सगळी किडकिडीत माणसं सारखीच दिसत असतील, असं मी स्वतःला समजावलं.

३

आई संध्याकाळी साडेसहाला जेवते. तेव्हा इथे दुपारचा एक वाजलेला असतो. त्या दिवशी मी प्रयोगशाळेच्या पायऱ्यांवर डबा खात होतो आणि तिचा फोन आला. तिची चौकशी नेहमीची, थंडी किती, स्वेटर घालतोस का, वजन किती उतरलं. मग मध्येच म्हणाली,

"अरे, तू तिकडे जाऊन हाताने जेवायलाच विसरलास की काय?"

"म्हणजे?"

"काही नाही. मी वेड्यासारखी तुझं ताट वाढून झाकून ठेवते. सवय मोडत नाही. सकाळी ते माझ्याच्याने टाकवत नाही म्हणून मीच खाते. पण महिना झाला, ताट रिकामं असतं."

"मांजर असेल."

"मांजर वरचं ताट उचलून बाजूला ठेवतं होय? आणि ठेवतं तर ठेवतं, शितं केवढी सांडून ठेवतं. सगळी डाव्या बाजूला. मी म्हटलं, डाव्या हाताने काय जेवतोस, तुला लहानपणी एवढं शिकवलं ते काय झालं?"

ती हसत होती. मीही हसलो. फोन ठेवल्यावर मी डब्याचं झाकण लावून टाकलं.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते, मी स्वतःला सांगितलं. ती एकटी आहे, सत्तरीला आली आहे, स्वतः जेवून विसरत असेल. डाव्या बाजूचं मीच तिला कधी बोलून गेलो असेन. मी पाण्याच्या नमुन्यांवर तारखा टाकत उभा होतो आणि एकाच बाटलीवर तीनदा तारीख टाकली.

४

मी ताईला फोन केला. आईचं वय झालंय, एकदा जाऊन बघ म्हटलं. रिकाम्या ताटाचं सांगितलं, इथल्या ताटाचं नाही. ताई रविवारी गेली आणि सोमवारी तिचा फोन आला.

"आई ठणठणीत आहे. उलट जरा भरली आहे अंगाने. गाणी काय गुणगुणते, दोन भाज्या काय करते."

"आणि ताट?"

ताई गप्प झाली. आमची ताई गप्प बसणाऱ्यांतली नाही. तिच्या लग्नात भटजी दमले पण ती दमली नव्हती.

"तिने मला आधी वाढलं," ती म्हणाली. "बाहेरच्या खोलीत. म्हणाली तू इथेच बस, आतलं मी बघते. मग आत गेली आणि दार लोटून घेतलं. ती कोणाशी तरी बोलत होती. घे, अजून घे, लाजू नकोस, असं."

"एकटी माणसं बोलतात गं स्वतःशी."

"हो ना. मीही तेच म्हटलं. पण पाट सरकला रे. आई तर उभी होती, तिची सावली मला दाराखालून दिसत होती."

"मग तू आत गेलीस?"

"नाही. मला जाववलं नाही. तू हसशील म्हणून सांगणार नव्हते." मग तिने विषय बदलला. तिच्याकडची गोड बातमी तिने मला तेव्हाच सांगितली, पाचवा महिना लागला होता. मी अभिनंदन केलं, पण माझा आवाज मलाच लांबून ऐकू आला.

५

पुढच्या रविवारी मी घरीच होतो. सकाळी ताट झाकून टेबलावर ठेवलं, कारण न ठेवण्याचं काही कारण मला स्वतःला मान्य करायचं नव्हतं. एक वाजता आईला व्हिडिओ कॉल लावला.

तिने फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. मला गॅसची शेगडी, खिडकी आणि ओट्याचं टोक दिसत होतं. ओट्याखाली, चित्राच्या अगदी कडेला, जमिनीवर मांडलेल्या ताटाचा अर्धा भाग होता.

"आई, ते ताट कोणाचं?"

"तुझं," ती सहज म्हणाली आणि डाळ वाढायला वाकली. "आता बघ कसा नीट जेवतोस. उजव्या हाताने."

चित्राच्या कडेतून एक हात ताटापर्यंत आला. मनगटापासून पुढचा भाग तेवढाच दिसला. रंग माझ्यासारखा, बाहीही मी घरी ठेवून आलेल्या निळ्या सदऱ्याची. बोटं भातात गेली आणि त्यांनी भात कालवायला सुरुवात केली. फार सावकाश, एकेक बोट आठवून हलवल्यासारखं. लहान मूल हाताने जेवायला शिकतं तेव्हा असंच करतं. अंगठ्याने घास पुढे ढकलायचा असतो, ते त्या हाताला कळत नव्हतं. आईने खाली बसून स्वतःच्या हाताने तो अंगठा धरला आणि पुढे केला.

"असं. जमेल. घाई नाही," ती म्हणाली. मी पहिल्यांदा हाताने जेवलो असेन तेव्हाही ती याच आवाजात बोलली असणार.

मी फोन बंद केला. माझ्या खोलीपासून स्वयंपाकघर सात पावलांवर होतं. मी गेलो तेव्हा झाकण बाजूला होतं, ताट ओलं होतं, धुतलेलं, आणि टेबलावर एकही शीत नव्हतं.

६

सोमवारी मी ताट झाकलं नाही. साप साप म्हणून भुई धोपटण्याचा प्रकार असेल तर असू दे, म्हटलं. काही नसेल तर एका अनोळखी माणसाला मी रागावलोय असं वाटेल, एवढंच नुकसान. आणि काही असेल तर त्याचं दाणापाणी तोडणं हाच उपाय मला सुचला.

पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी साफसफाईच्या वेळापत्रकावर तिसऱ्या खोलीपुढे खूण नव्हती. खोलीतून खुर्ची सरकल्याचा आवाज मात्र वारंवार येऊ लागला, दर पाच-दहा मिनिटांनी, उठून पुन्हा बसावं तसा. गणिती कानात बोळे घालून वाचत बसला. तिसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेत गेलोच नाही. दुपारी एक वाजता त्या दारापुढे जाऊन उभा राहिलो. ठोकणार होतो, इतक्यात फोन वाजला. आई.

"तू तीन दिवस जेवला नाहीस," ती म्हणाली. आवाज दबका होता. "ताटावर बसतोस आणि नुसता माझ्याकडे बघत राहतोस. काय झालंय? माझं काही चुकलं का?"

"आई, तू घराबाहेर पड. शेजारी जाऊन बस."

"ताटावर माणूस बसलेलं असताना उठून जाऊ? आज मी म्हटलं, चल, मी भरवते. तर... काही नाही. जरासं लागलं बोटाला. दात लागतातच भरवताना."

तेवढ्यात तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली. फोनमधून ती मला ऐकू आली, बारीक आणि थरथरती. आणि त्याच क्षणी ती बंद दारामागून ऐकू आली, मोठी, स्पष्ट, वाफेच्या फुसफुसाटासकट. या घरात कुकर कोणाकडेच नाही. मी कान दाराला लावला. आत नळ सुरू झाला. बांगड्या वाजल्या. "बस, गॅस बंद करते," असं आईने फोनवर म्हटलं आणि तेच दारामागे म्हटलं, माझ्यापासून हातभर अंतरावर.

कडीवर माझा हात होता. आत आई आहे आणि फक्त दार लोटायचं आहे, असं मला इतक्या तीव्रतेने वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. मग दाराच्या अगदी पलीकडून, आईच्या आवाजाहून कितीतरी जवळून, कोणीतरी लाकडाला गाल टेकवल्याचा आवाज आला. तोही ऐकत होता.

मी मागे सरलो. स्वयंपाकघरात गेलो, हाताला लागलं ते भांडं घेतलं आणि तांदूळ धुवायला लागलो. घाईत अर्धे तांदूळ मोरीत गेले. भात शिजेपर्यंत मी फोन चालू ठेवला होता, तिचं श्वास घेणं ऐकत. ताट वाढलं, झाकलं आणि माझ्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

वीस मिनिटांनी आई म्हणाली, "जेवला रे. बरं झालं बाई." आणि मग ती रडली.

७

दोन वर्षं संपत आली. परीक्षेचा निकाल चांगला लागला, परतीचं तिकीट काढून झालं. जायच्या आधीच्या आठवड्यात मी आईला व्हिडिओ कॉल केला. मनात हिशेब साधा होता. मी घरी पोचलो की माझं ताट मी जेवेन आणि त्याला तिथे बसायला जागा उरणार नाही.

"शनिवारी पोचतो," मी म्हटलं.

तिने हातातली पळी ओट्यावर ठेवली. तिच्या उजव्या हाताच्या बोटाचं वरचं पेर नाही, हे मी आता बघायचं टाळायला शिकलो होतो. विळीवर कापलं, असं तिने ताईला सांगितलं होतं.

"तू निघालास की तिथलं त्याचं ताट कोण ठेवणार?" तिने विचारलं.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी या घरातल्या ताटाबद्दल तिला कधी एक अक्षर सांगितलं नव्हतं.

"आई, तो मी नाही, हे..."

"कळतं मला," ती म्हणाली. "पोटचं पोर ओळखू येत नाही होय? पहिले आठ दिवस फसले असेन. नंतर कळलंच. तू पाणी पिताना भांडं वरून पितोस, तो तोंडाला लावतो."

"मग तू त्याला का वाढतेस?"

"तू गेलास. तो रोज वेळेवर येऊन बसतो." तिने हे रागाने म्हटलं नाही. भाजी कोणती केली ते सांगावं तसं म्हटलं. मला तेच जास्त लागलं. "आणि आता तर न वाढून चालायचं नाही. त्याला दोन्हीकडचं लागतं. तुझ्याकडचं चुकलं की माझ्याकडच्याने त्याचं भागत नाही, हे बघितलंय मी. मला मेलीला काय, माझं झालं आयुष्य. पण ताई येतेय ना परवा."

ताईचे दिवस भरत आले होते. बाळंतपणाला ती माहेरी येणार, हे आमच्याकडे कोणाला ठरवावं लागत नाही, तसंच असतं. मला ते ठाऊक होतं आणि तरी या क्षणापर्यंत मी त्या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या.

"तिला येऊ नको म्हण," मी म्हटलं.

"म्हटलं. तर ती म्हणाली, भावाला नको झालं असेल म्हणून तू असं म्हणतेस. दोन दिवस बोलली नाही. काय सांगू तिला?" आई जरा पुढे झाली आणि आवाज खाली आणला. "घरात तान्हं मूल येणार आहे. तो उपाशी राहता कामा नये. एक दिवससुद्धा नाही."

तिच्या मागे, ओट्याखाली, ताटावरचा हात जेवायचा थांबला होता.

मी गणितीला सांगितलं, मी जात नाही. त्याने नेहमीप्रमाणे कारण विचारलं नाही. विद्यापीठाच्या कचेरीत मुक्काम वाढवण्याचा अर्ज भरला. कारणाच्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना, तेव्हा खिडकीतल्या बाईने मदत केली. "बऱ्याच जणांना इथेच आवडायला लागतं," ती म्हणाली, "तसं लिहा." मी तसं लिहिलं.

बाळ मंगळवारी झालं. मुलगी. ताईने फोटो पाठवला, आई पाळण्याजवळ उभी, हसत होती. मी तो मोठा करून चारही कडा तपासल्या. मग उठून तांदूळ मोजले, आणि एक मूठ जास्तीची घातली.